टी पेशी जाग्या झाल्या, पण कोणासाठी?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. काही विषाणूंची प्रथिने आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेतल्या रेणूंचे सोंग घेतात आणि टी पेशींना चेतवतात, असे वाचनात आले. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "मॅडम, टी पेशी तर विषाणूला मारायला असतात. मग त्यांना उठवून विषाणूला काय मिळतं?" तिला काय सांगू?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : त्या मुलीला माझी शाबासकी द्या. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे ज्याचे उत्तर शोधले, तोच प्रश्न तिने बाकावर बसून विचारला आहे.

टी पेशी मारतात, हे अर्धेच खरे. त्यांच्यातला एक मोठा गट मारत नाही, मदत करतो. या मदतनीस टी पेशी बी पेशींना वाढीचा इशारा देतात. मग बी पेशी भराभर विभागतात आणि प्रतिपिंडे बनवू लागतात. आता असा विषाणू घ्या, जो बी पेशीच्याच पोटात मुक्काम करतो आणि जिचे गुणसूत्र त्याने स्वतःची जनुके घुसवून बळकावले आहे. ती बी पेशी जितकी विभागेल तितका त्याचाच वंश वाढेल. त्याला टी पेशी झोपलेल्या नकोत, चांगल्या खडबडून जाग्या झालेल्या हव्यात.

हा विषाणू काल्पनिक नाही. उंदरांमध्ये स्तनाचा कर्करोग घडवणारा एमएमटीव्ही असाच वागतो. त्याची गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण वर्गात सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट या विषयात मला माहीत नाही.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे उंदरांचे काही वाण असे होते की त्यांच्या माद्यांना हमखास स्तनार्बुद होई. १९३३ साली तिथल्या संशोधकांनी या वाणांचे दोन्ही बाजूंनी संकर केले. कर्करोगी आई आणि निरोगी बाप, मग निरोगी आई आणि कर्करोगी बाप. दोन्ही संकरांत मुलींची गुणसूत्रे सारखीच, तरी रोग मात्र आईकडूनच येत होता. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी कर्करोगी वाणाची नवजात पिल्ले उचलून निरोगी वाणाच्या आईच्या अंगावर पाजायला दिली, आणि त्या पिल्लांमधला कर्करोग कितीतरी कमी झाला. जे काही होते ते दुधातून जात होते. ते विषाणू असल्याचे पुढे उघड झाले.

हे पिल्ले बदलण्याचे काम मी विद्यार्थिदशेत मुंबईतल्या एका उंदीरघरात केले आहे. नवजात पिल्लू गुलाबी आणि इतके पारदर्शक असते की पोटात दूध गेले की कातडीतून पांढरा ठिपका स्वच्छ दिसतो. तो ठिपका दिसायच्या आत पिल्लू उचलायचे. ठिपका दिसला म्हणजे आईचे दूध पोटात गेले, ते पिल्लू या प्रयोगाच्या कामाचे नाही. मग दाईच्या पिंजऱ्यातला भुसा आणि घरट्याचा कापूस त्याच्या अंगावर हळूच चोळायचा, म्हणजे त्याला तिचा वास लागतो आणि ती त्याला आपले म्हणून पोटाशी घेते. तुमच्या मुलांना तो पांढरा ठिपका जरूर सांगा. एवढ्याशा खुणेवर या विषाणूच्या संशोधनाचा पाया उभा आहे.

आता दुधातला विषाणू पिल्लाच्या पोटात गेल्यावर काय होते ते पाहू. आतड्याच्या भिंतीत लसिका ऊतींचे पुंजके असतात. विषाणू तिथे पोहोचतो आणि बी पेशींत शिरतो, पण सुरुवातीला अगदी मोजक्याच. हा रेट्रोव्हायरस, म्हणजे पेशीच्या डीएनएत स्वतःची जनुके घुसवणारा विषाणू आहे. विभागणाऱ्या पेशींतच त्याचे फावते, आणि पिल्लाच्या बहुतेक बी पेशी तर निवांत पडलेल्या. स्तनग्रंथीही अजून वाढलेल्या नाहीत. म्हणजे ज्या अवयवात त्याला जायचे आहे तो तयार नाही, आणि ज्या पेशींत तो आहे त्या हलत नाहीत.

इथे त्याचे एक प्रथिन कामाला येते. त्याला सुपरअँटिजेन म्हणतात. नेहमीच्या व्यवहारात टी पेशी फार चोखंदळ असते. समोरच्या पेशीवरच्या एमएचसी रेणूच्या खोबणीत एखाद्या प्रथिनाचा छोटा तुकडा मांडलेला असतो, आणि तो तुकडा ओळखीचा निघाला तरच टी पेशी पेटते. एका तळहाताच्या खळग्यात हरभऱ्याचा दाणा ठेवा आणि दुसरा तळहात त्यावर टेकवा. खालचा हात एमएचसी, वरचा हात टी पेशीचा ग्राही, आणि सगळा निवाडा त्या दाण्यावर. लाखांत एखादीच टी पेशी एखाद्या विशिष्ट दाण्याला दाद देते. सुपरअँटिजेन दाण्याच्या वाटेला जातच नाही. ते दोन्ही मनगटे बाहेरून एकत्र बांधून टाकते. मग मध्ये कोणता दाणा आहे याला काही अर्थ उरत नाही, आणि टी पेशीला वाटते की आपल्याला हवे ते सापडले.

शास्त्रीय भाषेत सांगायचे तर हे प्रथिन टी पेशीच्या ग्राहीतल्या व्हीबीटा या भागाला धरते. एका उंदराच्या शरीरात व्हीबीटाचे वीसेक प्रकारच असतात. त्यामुळे एक प्रकार धरला तरी लाखांत एक नव्हे, तर शंभरांतल्या कित्येक टी पेशी एका झटक्यात उठतात. उठतात आणि ज्या बी पेशीने हे प्रथिन पुढे केले तिलाच मदत करू लागतात. ती बी पेशी म्हणजे विषाणूने भरलेली बी पेशी. ती विभागते, तिच्या लेकी विभागतात, आणि मोजक्या पेशींतला संसर्ग पाहता पाहता फोफावतो. लोझान इथल्या संशोधकांनी हे १९९३ मध्ये दाखवले. या विषाणूची अशी वाढ टी पेशींच्या चेतवण्यावरच अवलंबून असते आणि त्यातूनच तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे मादी वयात आली की या लसिका पेशी विषाणूला स्तनग्रंथीत पोहोचवतात. तिथे गर्भारपणातल्या आणि दूध येण्याच्या काळातल्या संप्रेरकांनी विषाणूची जनुके जोमाने चालू होतात, आणि तो दुधात उतरून पुढच्या पिल्लांच्या पोटात जातो.

याचा सर्वांत बोलका पुरावा १९९२ चा आहे. तात्याना गोलोव्किना, सुसान रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांच्या स्वतःच्या जनुकांतच या विषाणूच्या सुपरअँटिजेनचे जनुक घातलेले होते. जे प्रथिन जन्मापासून शरीरात आहे त्याला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी, त्या जिथे तयार होतात त्या थायमस ग्रंथीतच काढून टाकल्या जातात. या उंदरांत व्हीबीटा १४ प्रकारच्या टी पेशी उरल्या नाहीत. मग त्यांना संसर्ग झालेल्या आईचे दूध पाजले, तर संसर्ग जडला नाही! एका जातीच्या टी पेशी कमी झाल्या आणि उंदीर वाचला. रोगप्रतिकार यंत्रणेतला एक हिस्सा गमावून मिळालेले संरक्षण. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर मला देता येणार नाही.

आता सोंगाबद्दल. इथे फसली ती नुसती टी पेशी नव्हती. १९७३ मध्ये लंडनमध्ये हिलियार्ड फेस्टेनस्टाइन यांना एक कोडे पडले. दोन वाणांचे एमएचसी अगदी सारखे असूनही त्यांच्या लसिका पेशी एकत्र ठेवल्या की टी पेशी जोराने वाढू लागत. यामागे उंदराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकार यंत्रणेतला एखादा रेणू असणार असे मानले गेले आणि त्याला एमएलएस असे नाव पडले. पुढची अठरा वर्षे तो रेणू कोणाच्या हाती लागला नाही. १९९१ मध्ये एकापाठोपाठ एक निबंध आले. डेन्व्हरच्या फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर यांचा गट, बॉस्टनच्या ब्रिगिटे ह्यूबर आणि जॉन कॉफिन यांचा गट, आणखीही काही. एमएलएस म्हणजे उंदराच्या गुणसूत्रांत पिढ्यान्‌पिढ्या बसून राहिलेल्या एमएमटीव्हीचेच सुपरअँटिजेन निघाले. विषाणूचे प्रथिन इतकी वर्षे घरचे म्हणून वावरत होते.

तुम्ही जे शब्दशः नकलेबद्दल वाचले असेल त्याचेही एक उदाहरण देते. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांत हर्पिस सायमिरी नावाचा विषाणू राहतो आणि त्यांना त्रास देत नाही. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये टी पेशींतले एक नवे जनुक सापडले, आणि त्याचा जुळा भाऊ या माकडांच्या विषाणूत आधीपासून होता. आज आपण ज्याला इंटरल्यूकिन १७ म्हणतो तो हा पेशी-पेशींमध्ये निरोप पोहोचवणारा रेणू. १९९५ मध्ये दिसले की विषाणूची नक्कल आणि मूळ रेणू दोन्ही एकाच ग्राहीला चिकटतात आणि टी पेशींच्या वाढीला हातभार लावतात. नंतर जर्मन संशोधकांनी विषाणूतून हे जनुक कापून टाकले, तरी टॅमरिन या दुसऱ्या जातीच्या माकडांत, ज्यांना तो मारक ठरतो, तो पूर्वीइतकाच घातक राहिला. म्हणजे नक्कल आहे, ती चालतेही, पण रोग होण्यासाठी ती लागतेच असे नाही. हा भाग मुलांना सांगायला विसरू नका. रेणू सारखा दिसला म्हणजे कारण सापडले, असे घाईने म्हणणारे लेख फार निघतात.

जाता जाता एक सांगते, कारण ते मनाला लागून राहिले आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे छापलेल्या पुड्या आणि बाटल्या गावोगावच्या दुकानांत खपतात. कोणत्या पेशी वाढवायच्या, कोणत्या वेळी, कोणाविरुद्ध, हे त्यावर कुठेच नसते. चेतवलेली टी पेशी आपोआप आपल्या बाजूची असते, हे गृहीतच चुकीचे आहे. बारावीच्या मुलांना एवढे जरी कळले तरी ती आपल्या आईवडिलांचे पैसे वाचवतील.

प्रश्न : माझ्या आईला बावन्नाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मला आता दोन महिन्यांची मुलगी आहे. दुधातून कर्करोगाचा विषाणू जातो असे नात्यातल्या एकांनी सांगितल्यापासून सासूबाई वरचे दूध सुरू कर म्हणतात. मी काय करू?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : बाळाला निर्धास्तपणे पाजा. हे पहिले वाचा आणि सासूबाईंनाही दाखवा, बाकीचे सवडीने वाचा.

तुमच्या नातेवाइकांनी ऐकलेली गोष्ट वरच्या उत्तरातल्या उंदरांची आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईतून गेलेला आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांच्या स्तनार्बुदावर मोठे काम उभे केले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि दुधातला विषाणू हे तिन्ही मिळून रोग कसा घडवतात, हे त्या शोधत होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त, म्हणून त्यांच्या दुधाचे नमुने मुंबईतून तपासले गेले. १९७१ मध्ये अमेरिकेतले डॅन मूर, मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि इतरांनी 'नेचर'मध्ये लिहिले की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले. जगभर खळबळ उडाली. आई होऊ घातलेल्या कितीतरी बायका तेव्हा घाबरल्या असतील.

मात्र पुढे माणसात असा विषाणू दुधातून जाऊन कर्करोग करतो, हे सिद्ध झाले नाही. काही प्रयोगशाळांना गाठींमध्ये त्यासारखे जनुकीय तुकडे सापडले, काहींना मुळीच सापडले नाहीत. शिवाय उंदराच्या डीएनएचा अंशमात्र नमुन्यात मिसळला तरी अशी चाचणी फसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आईचे दूध पिऊन वाढलेल्या मुलींना मोठेपणी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही, असे पाहणीतून दिसले आहे. ज्यांच्या आईला पुढे हा रोग झाला त्यांच्याबाबतही तसेच.

उलट अंगावर पाजल्याने आईचा स्वतःचा धोका थोडा कमी होतो. तुमच्या घरात आईला हा आजार झालेला असल्याने ही गोष्ट तुमच्याच फायद्याची आहे. आईच्या रिपोर्टची फाइल घेऊन एकदा कर्करोगतज्ज्ञांकडे जा आणि आनुवंशिक तपासणीची गरज आहे का, ते विचारा. मावशी, आजी किंवा आत्या यांच्यापैकी कोणाला स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. काळजी घ्यायची ती या बाबतीत, दुधाच्या बाबतीत नाही.

प्रश्न : मुलगी एम.एस. करायला लीड्सला गेली आहे. तिला महिनाभर ताप, घसा आणि मानेत गाठी. तिथे 'ग्लँड्युलर फीवर' सांगितले. रिपोर्टमध्ये विचित्र दिसणाऱ्या लिम्फोसाइट पेशी आहेत म्हणून आम्हाला कर्करोगाची धास्ती. त्यात इंटरनेटवर वाचले की या विषाणूने मल्टिपल स्क्लेरोसिस होतो.
— एक पालक, पुणे

उत्तर : आधी त्या विचित्र पेशींबद्दल. अशा रुग्णाच्या रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की त्या लगेच नजरेत भरतात. नेहमीच्या लिम्फोसाइटपेक्षा मोठ्या, निळसर, पसरट, कडा शेजारच्या तांबड्या पेशींना वळसा घालून टेकलेल्या. नव्या माणसाला त्या पाहून रक्ताच्या कर्करोगाची शंका येऊ शकते. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक तुमच्या मुलीच्या निरोगी, मारेकरी टी पेशी असतात. ग्लँड्युलर फीवरचा विषाणू आहे बी पेशींत. त्यांना मारायला निघालेली ही फौज रक्तात दिसते आहे. मानेतल्या गाठी, सुजलेला घसा, अंग मोडून येणे, यातला बराचसा त्रास या फौजेच्या धावपळीचा आहे.

या विषाणूचे नाव एपस्टाइन-बार. जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच, साध्या सर्दीतापासारखा होऊन जातो, म्हणून असा लांबलेला आजार कमी दिसतो. वयात आल्यावर पहिल्यांदा झाला की तो असा त्रास देतो.

उंदरांचा विषाणू टी पेशींना मदतीला बोलावतो, हे वर सांगितले. एपस्टाइन-बारने दुसरी युक्ती काढली आहे. टी पेशीची मदत बी पेशीपर्यंत सीडी४० नावाच्या ग्राहीतून पोहोचते. या विषाणूचे एलएमपी-१ हे प्रथिन सीडी४० सारखेच आतला इशारा देते, आणि तोही न थांबता. मदतनीस टी पेशी आलेली नसताना बी पेशीला वाटते की ती आली आहे. टी पेशींनाही तो सोडत नाही. १९८० च्या दशकापासून टी पेशींचे कोडे सोडवणाऱ्या ज्या ब्रिगिटे ह्यूबर यांचे नाव वर आले, त्यांच्याच गटाने २००१ मध्ये दाखवले की हा विषाणू आपल्या डीएनएत फार प्राचीन काळापासून पडून असलेल्या एका रेट्रोव्हायरसला जागा करतो, आणि त्याचे प्रथिन सुपरअँटिजेनचे काम करते. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण झिजवणारा आजार, याबद्दल इंटरनेटवर वाचलेले खोटे नाही, पण तुम्हाला ते अर्धेच सांगितले गेले. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसले की या विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका ३२ पट होतो. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने एक दुवा दाखवला. विषाणूच्या ईबीएनए-१ प्रथिनाचा एक तुकडा मज्जासंस्थेतल्या ग्लायलकॅम प्रथिनाच्या तुकड्यासारखा आहे, आणि काही रुग्णांची प्रतिपिंडे दोन्हींना धरतात. ही तुमच्या काळजीची बाजू. दुसरी बाजू अशी की हा विषाणू जवळपास सगळ्यांना होतो आणि मल्टिपल स्क्लेरोसिस फार थोड्यांना. ३२ पट हा आकडा संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत आहे, आणि त्यांचा धोका जवळजवळ शून्य असतो. तुमच्या मुलीवर काही विशेष संकट आले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी आज कोणतीही तपासणी करून घ्यायची गरज नाही.

आज करायचे ते असे. तिला फोनवर सांगा की घशासाठी कोणी अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिले तर आधी ग्लँड्युलर फीवरचे निदान झाल्याचे सांगायचे. या आजारात त्या गोळ्यांनी अनेकदा अंगभर पुरळ उठते आणि विषाणूवर त्यांचा काही उपयोग नसतो. प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून तीन-चार आठवडे धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजन उचलणे बंद. पोटात डाव्या बाजूला अचानक जोराची कळ आली, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला तर वाट न पाहता इस्पितळात जायचे. विषाणू लाळेतून पसरतो, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणींनी तिचा पेला आणि पाण्याची बाटली वापरू नये. थकवा काही आठवडे, क्वचित काही महिने रेंगाळतो. अभ्यासाला मुदतवाढ लागली तर विद्यापीठाकडे आत्ताच अर्ज करू द्या.

तिच्या रक्ताची काच पुन्हा पाहायला सांगायची असेल तर ताप गेल्यावर काही आठवड्यांनी. तोवर त्या मोठ्या निळसर पेशी बहुधा ओसरलेल्या असतील. नसतील, किंवा गाठी वाढतच असतील, तर मला रिपोर्टसह पुन्हा लिहा.